जोतीरावांचा डावा हात : १८८८चा पक्षाघात आणि मेंदूचा नकाशा

जुलै १८८८. पुण्यात जोतीराव फुले यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडली. वय एकसष्ट वर्षांचे. अवघ्या दोन महिन्यांपूर्वी, ११ मे रोजी, मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यातील सभेत लोकांनी त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभाला ते शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि राजपुत्रासमोर खेड्यांतील दैन्य मांडून आले. असा माणूस ऐन भरात असताना अंथरुणाला खिळला.

उजवा हात गेला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहायला घेतले. त्या लेखनातून ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ उभे राहिले.

ही हकीकत बहुतेकांना जिद्दीचे उदाहरण म्हणून माहीत असते, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात एक वैद्यकीय नोंदही दडलेली आहे. उजवी बाजू गेली. भाषा शाबूत राहिली. डावा हात लिहू शकला. मेंदूची रचना ठाऊक असेल, तर या तीन गोष्टींवरून घाव कोठे बसला असावा याचा माग काढता येतो. हा धागा त्या शोधाचा आहे.

त्याआधी थोडे जुन्नर-आंबेगावकडे वळू. फुल्यांचे कार्य पुणे शहरापुरते मानण्याची सवय आहे; ती बरोबर नाही. १८८०च्या दशकात जुन्नर भागातील कुळांनी सावकार-जमीनदारांच्या जमिनी कसण्यास नकार दिला, त्यामागे सत्यशोधक विचारांचे बळ होते. ओतूरला पाटलांच्या घरी पुरोहिताविना लग्न लागले आणि ग्रामजोशाने आपल्या वतनी हक्कासाठी न्यायालय गाठले. १८८३ साली पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधला शेतकरी याच सह्याद्रीच्या उतारावर आणि त्याच्या पूर्वेच्या मावळपट्टीत राहत होता. १८८८च्या झटक्याने या साऱ्या चळवळीचा लिहिता हातच निकामी केला.

आता रोगाकडे.

मराठीत या रोगाला अनेक नावे आहेत. अर्धांगवायू, पक्षाघात, लकवा. आणि गावाकडे सर्रास म्हणतात तसे, ‘अंगावरून वारं गेलं’. या बोलीतल्या ‘वाऱ्या’मागे आयुर्वेदातील वातविचार आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील अठ्ठाविसावा अध्याय वातव्याधींचा असून, त्यात अर्धे शरीर लुळे पाडणाऱ्या विकाराचे वर्णन आहे. तोंड वाकडे होण्याला तेथे ‘अर्दित’ असे वेगळे नाव आहे. निरीक्षण बारीक आहे. मात्र कारण शोधले गेले ते लुळ्या पडलेल्या अंगात आणि त्यात संचारणाऱ्या वायूत. बिघाड अंगात नसून कवटीच्या आत आहे, आणि तोही विरुद्ध बाजूला आहे, हे समजायला फार काळ जावा लागला.

विरुद्ध बाजू का? मेंदूकडून स्नायूंकडे हुकूम नेणारे तंतू खाली उतरताना लंबमज्जेत, म्हणजे मानेच्या किंचित वर, एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात. डाव्या मेंदूचे तंतू उजव्या अंगाकडे, उजव्याचे डाव्याकडे. डोक्याच्या एका बाजूला मार लागला की दुसऱ्या बाजूचे अंग जाते, हे प्राचीन ग्रीक वैद्यांच्या लक्षात आले होते. तंतूंची ती फुली प्रत्यक्ष चिरफाडीत दिसली आणि लिहिली गेली ती १७०९-१०च्या सुमारास, मिस्तिकेली या इटालियन आणि पूरफूर द्यू पती या फ्रेंच वैद्याकडून. म्हणून फुल्यांच्या बाबतीत पहिले अनुमान सोपे आहे. घाव डाव्या बाजूला.

पण डाव्या बाजूला नेमके काय झाले? १६५८ साली योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने पक्षाघाताने मेलेल्यांचे मेंदू उघडून पाहिले आणि काहींच्या आत रक्त साचलेले आढळल्याचे लिहिले. त्यानंतर सहा वर्षांनी, १६६४ मध्ये, थॉमस विलिस यांचा मेंदूच्या शरीररचनेवरील ग्रंथ निघाला. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक वर्तुळ असते, ज्यामुळे एक वाट बंद पडली तरी दुसरीकडून रक्त वळू शकते. त्या वर्तुळाला आजही विलिस यांचेच नाव आहे. ग्रंथातील काही चित्रे ख्रिस्तोफर रेन यांनी काढली. लंडनचे सेंट पॉल कॅथेड्रल पुढे ज्यांनी उभारले, तेच हे रेन.

तेव्हा पक्षाघाताचे दोन प्रकार. एकात धमनी बुजते आणि पुढचा भाग रक्तावाचून मरतो. दुसऱ्यात धमनी फुटते आणि रक्त मेंदूच्या गाभ्यात शिरते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात: उभा माणूस कोसळतो, एक बाजू गळते. १८८८ मध्ये रुग्णाच्या उशाशी बसलेल्या डॉक्टरला हे दोन प्रकार खात्रीने वेगळे ओळखता येत नव्हते. पुण्यातच नव्हे, लंडनमध्येही नाही.

फुल्यांवर उपचार केले ते डॉ. विश्राम रामजी घोले यांनी. पुण्याचा घोले रोड त्यांच्याच नावाचा. लाडकी मुलगी बालपणी गेली, तिच्या स्मरणार्थ त्यांनी बांधलेला ‘बाहुलीचा हौद’ सर्वांसाठी खुला होता. ते नामांकित शल्यवैद्य होते, सत्यशोधक समाजाच्या अग्रणींपैकी होते, म्हणजे रुग्णाचे सहकारीही होते. अशा डॉक्टरच्या पेटीत त्या वर्षी काय असू शकत होते?

स्टेथोस्कोप होता, तो १८१६ पासूनचा. डोळ्याचा पडदा पाहण्याचे यंत्र १८५१ पासून उपलब्ध होते. गुडघ्यावर हातोडी मारून प्रतिक्षेप पाहण्याची रीत १८७५ मध्ये जर्मनीत अर्ब आणि वेस्टफाल यांनी स्वतंत्रपणे मांडली होती. पण रक्तदाब मोजण्याचा हाताला बांधायचा पट्टा नव्हता. रिवा-रोची यांनी तो १८९६ मध्ये आणला. क्ष-किरण सापडले १८९५ मध्ये. तळपायाला खरवडल्यावर अंगठा वर उचलला जातो की खाली वळतो, यावरून मेंदूच्या तंतूंना इजा झाली का ते सांगणारी बाबिन्स्की यांची खूण, तीही १८९६ची. म्हणजे आज वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षातील विद्यार्थी जी परीक्षा चाव्यांच्या जुडग्याच्या टोकानेसुद्धा करून पाहतो, ती फुल्यांच्या आजारपणात जगात कोणालाच ठाऊक नव्हती. विल्यम गॉवर्स यांच्या मज्जासंस्थेच्या विकारांवरील प्रसिद्ध ग्रंथाचा मेंदूला वाहिलेला दुसरा खंड लंडनमध्ये निघाला तो याच १८८८ साली.

तरीही त्या काळाकडे एक फार मोठे ज्ञान होते. ते आले होते पॅरिसहून.

१८६१ मध्ये पॉल ब्रोका यांच्या रुग्णालयात लबोर्न्य नावाचा रुग्ण मरण पावला. अनेक वर्षे तो एकच अक्षर बोलू शकत असे: ‘तां’. समोरच्याचे बोलणे त्याला बरेचसे समजे, पण तोंडून ‘तां तां’ याखेरीज क्वचितच काही निघे. पुढे त्याची उजवी बाजूही गेली होती. ब्रोका यांनी मेंदू पाहिला. डाव्या गोलार्धाच्या पुढच्या भागात मोठा घाव होता. असे रुग्ण आणखी जमत गेले आणि १८६५ पर्यंत ब्रोका ठामपणे म्हणू लागले की, भाषेचे ठाणे बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असते. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी त्याच बाजूला, थोडे मागे, बोलणे समजून घेण्याचे दुसरे ठाणे दाखवले. तेथे इजा झाली की माणूस भरभर बोलतो, पण त्या बोलण्याला अर्थ राहत नाही.

येथे फुल्यांचे प्रकरण चमत्कारिक होते. उजवी बाजू गेली म्हणजे घाव डावीकडे. भाषाही डावीकडेच. डाव्या मेंदूच्या पृष्ठभागाला रक्त पुरवणारी मोठी धमनी बुजली असती, तर हाताबरोबर बहुधा वाणीही गेली असती. आणि लबोर्न्यच्या वाटेने गेलेला माणूस पुस्तक लिहीत नाही.

‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हे काही साधे लेखन नाही. त्याचा मोठा भाग प्रश्नोत्तरांचा आहे. शंका घेणारा एक, उत्तर देणारा दुसरा, त्या उत्तरावर पुन्हा शंका. एकाच कुटुंबातील स्त्री, पुरुष आणि मुले आपापल्या पसंतीने वेगवेगळे धर्म पाळून एकत्र नांदू शकतील, अशी एकात एक गुंतलेली कल्पना त्यात मांडली आहे. विवाहविधी आहेत, स्त्री-पुरुष समतेचा युक्तिवाद आहे. दोन पात्रांची बाजू डोक्यात धरून, होकार-नकाराची साखळी न तोडता असे लिहायचे, तर व्याकरण, शब्दसंपदा, स्मरण आणि युक्तिवाद हे सारे जागेवर हवे. वाचाघात झालेल्या माणसाच्या हातून सर्वांत आधी निसटतात त्या याच गोष्टी.

मग उजवे अंग पूर्ण जाते आणि भाषा मात्र वाचते, अशी जागा मेंदूत आहे का?

आहे. मेंदूच्या वळ्यावळ्यांच्या पृष्ठभागावर हात, पाय, चेहरा यांची ठाणी दूरदूर पसरलेली असतात. तेथून निघालेले तंतू खोल जाताना एकत्र येतात आणि एका चिंचोळ्या खिंडीतून उतरतात. तिला इंटर्नल कॅप्सूल म्हणतात. माळशेज घाटाचे उदाहरण घ्यावे. वरच्या पठारावर वाटा कितीही असोत, कोकणात उतरणारी सगळी रहदारी त्या एका वळणावर येते, आणि दरड तेथेच कोसळली की सारेच अडते. पृष्ठभागावर अर्धे अंग लुळे पाडायला मोठा घाव लागतो. या खिंडीत वाटाण्याएवढा पुरतो. भाषेची ठाणी वर, पठारावर. त्यांना धक्काही लागत नाही.

या खिंडीला रक्त पुरवणाऱ्या धमन्या केसासारख्या बारीक असून मोठ्या धमनीतून जवळजवळ काटकोनात फुटतात. वर्षानुवर्षे चढलेल्या रक्तदाबाचा मार त्या झेलतात आणि एक दिवस बुजतात किंवा फुटतात. शार्को आणि बूशार यांनी १८६८ मध्ये या बारीक धमन्यांवर आलेले फुगवटे दाखवून रक्तस्रावाचा संबंध त्यांच्याशी जोडला. धमनी बुजून पडणाऱ्या चिमुकल्या खळग्यांचा अभ्यास प्येर मारी यांनी १९०१ मध्ये केला. आणि केवळ अर्धांग जाते, भाषा, संवेदना, दृष्टी सारे ठीक राहते, असा स्वतंत्र रोगप्रकार मिलर फिशर यांनी १९६५ मध्ये नीट आखून दिला. फुल्यांच्या कथेला सर्वांत जवळ बसणारे चित्र ते हेच.

अर्थात हे अनुमान आहे, निदान नव्हे. मेंदूच्या देठात, डाव्या बाजूला, लहान घाव झाला तरी असेच दिसते. काही थोड्या माणसांत भाषेचे ठाणे उजव्या गोलार्धात असते. सुरुवातीला वाणी अडखळून नंतर सुधारल्याचेही पुष्कळ रुग्ण असतात. इतिहासातील माणसांना शतकानंतर आजार चिकटवण्याचा छंद समाजमाध्यमांवर जोरात आहे. त्यातली बहुतेक निदाने एका ओळीच्या पुराव्यावर उभी असतात. येथे पुरावा म्हणून निदान एक संपूर्ण ग्रंथ आहे.

आता डाव्या हाताकडे. उजवा गेला म्हणून डाव्याने लिहिले, यात विशेष काय, असे वाटेल. विशेष हे की डाव्या हाताचा कारभार उजव्या मेंदूकडे आणि शब्द डाव्या मेंदूत. डाव्या हाताने अक्षर उमटायचे तर शब्दाला डावीकडून उजवीकडे पूल ओलांडावा लागतो. हा पूल म्हणजे दोन्ही गोलार्धांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा, कॉर्पस कॅलोसम. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ह्यूगो लीपमान यांनी दाखवून दिले की, हा पूल तुटला तर डावा हात धडधाकट असूनही सांगितलेली कृती करू शकत नाही. तेव्हा फुल्यांच्या कागदावर अक्षरे उमटली, याचा अर्थ पूलही शाबूत होता आणि पलीकडचा उजवा मेंदूही. साठी ओलांडलेल्या माणसाने नव्या हाताला मोडी-बाळबोधाची वळणे शिकवायची, यातले कष्ट मात्र कोणत्याही नकाशात दिसत नाहीत.

झटका उजव्या मेंदूला आला असता तर उजवा हात वाचला असता, वाणीही बहुधा वाचली असती. पण तशा काही रुग्णांना डावी बाजू अस्तित्वातच नाही असे वाटते. ताटातील डाव्या बाजूचा भात तसाच राहतो, स्वतःचा लुळा हात ‘हा माझा नव्हे’ म्हणून दूर सारला जातो. लक्ष आणि अवकाशभान सांभाळण्यात उजव्या मेंदूचा वाटा मोठा. लेखकासाठी कोणता झटका अधिक वाईट, याचे उत्तर वाटते तेवढे सरळ नाही.

पुढची सव्वादोन वर्षे कठीण गेली. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी दत्तक पुत्र यशवंत यांचे लग्न सत्यशोधक पद्धतीने लावले गेले. पैशाची ओढाताण इतकी की, मामा परमानंद यांना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे मदतीसाठी लिहावे लागले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. देह मिठात पुरावा ही त्यांची इच्छा होती. परवानगी मिळाली नाही आणि दहन करावे लागले. त्या काळी घाव बुजण्याचा की फुटण्याचा, याचा खात्रीचा निवाडा शवविच्छेदनातच होई. १८९१ मध्ये यशवंतरावांनी ग्रंथ छापला. यशवंत स्वतः पुढे डॉक्टर झाले आणि १८९७च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंच्या बरोबरीने रुग्णसेवेत उभे राहिले.

जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावण्याची सोय हळूहळू आली. १९२७ मध्ये लिस्बनला एगाश मोनीश यांनी मानेच्या धमनीत क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य सोडून मेंदूतील धमन्यांचे चित्र घेतले. त्यात वाहिन्या दिसत, मेंदू नव्हे. मुंबईत जे. जे. रुग्णालयात १९५७ मध्ये डॉ. नोशीर वाडिया यांनी मज्जाविकारांचा विभाग सुरू केला. १९६५ मध्ये मुंबईच्याच डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांचा एक लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. मेंदूच्या धमनीत अडकलेली गुठळी काही रुग्णांत आपोआप विरघळते, हे त्यांनी अशा चित्रांवरून दाखवले होते. गुठळी स्वतः विरघळू शकते, तर औषधाने ती लवकर विरघळवता येईल का, हा पुढच्या तीस वर्षांचा प्रश्न.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले. वेप्फर यांना मृताच्या कवटीत जे दिसले, ते आता जिवंतपणी दिसू लागले. ताजे रक्त सीटीवर पांढरे दिसते. गुठळीने झालेला घाव मात्र पहिल्या काही तासांत सीटीवर जवळजवळ दिसतच नाही. म्हणून अंग लुळे पडलेले आणि स्कॅन ‘साफ’, हे पाहून घरच्यांनी निश्चिंत होऊ नये. अशा वेळी साफ स्कॅनचा अर्थ ‘रक्तस्राव नाही’ एवढाच, आणि तोच उपचाराचा परवाना. १९९५ मध्ये गुठळी विरघळवणारे औषध तीन तासांच्या आत दिल्यास उपयोगी पडते हे सिद्ध झाले. २००८ मध्ये ती मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. रक्तस्राव असताना तेच औषध दिले तर जीव जाईल. एमआरआयच्या एका विशेष तंत्रात, डिफ्यूजनमध्ये, ताजा घाव काही मिनिटांतच उजळून दिसतो. इंटर्नल कॅप्सूलमधला वाटाण्याएवढा ठिपकासुद्धा.

आणि तरीही सुरुवात यंत्रापासून होत नाही. चेहरा एका बाजूला ओघळला का, दोन्ही हात समोर धरले तर एक खाली येतो का, बोलणे अडखळते का: ही तीन लक्षणे घरातल्या माणसाने ओळखायची असतात. चेहऱ्याची एक जुनी खूणही कामाची आहे. मेंदूच्या पक्षाघातात बहुधा तोंडाचा कोपरा ओघळतो, पण कपाळाला आठ्या घालता येतात, कारण कपाळाला दोन्ही गोलार्धांकडून हुकूम येतो. कपाळासह अर्धा चेहरा गेला आणि हातपाय ठीक असतील, तर बिघाड बहुतेक वेळा चेहऱ्याच्या मज्जातंतूत असतो. मात्र ही पारख डॉक्टरांवर सोडावी. घरच्यांनी वाट पाहू नये.

२०११ ते २०१३ या काळात गडचिरोलीच्या ८६ गावांत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी १५९९ मृत्यूंचा अभ्यास केला. सर्वाधिक मृत्यू पक्षाघाताचे निघाले: २२९, म्हणजे १४.३ टक्के. त्यांतले ८७ टक्के घरीच झाले. कारण ठरवायची पद्धत होती घरी जाऊन नातेवाइकांना विचारण्याची: कोणती बाजू गेली, बोलता येत होते का, किती दिवस जगले. घोले डॉक्टरांना जे प्रश्न विचारता येत होते, जवळपास तेच.

घोड नदीवरील डिंभे धरणाने जुने आंबेगाव पाण्याखाली घेतले आणि आहुपेकडची गावे जलाशयाच्या कडेने वळत जाणाऱ्या रस्त्याला बांधली गेली. तेथून घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय, मग मंचरचे उपजिल्हा रुग्णालय, मग साठेक किलोमीटरवर पुणे, असा हा प्रवास. साडेचार तासांचे घड्याळ १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दारात आल्यावर सुरू होत नाही. रुग्णाला शेवटचे धडधाकट पाहिले त्या क्षणी ते सुरू झालेले असते. म्हणून पहाटे कोणी लुळे पडलेले आढळले, तर डॉक्टर पहिल्यांदा विचारतात तो प्रश्न मेंदूविषयी नसतो. रात्री जेवायला बसले तेव्हा घास कोणत्या हाताने घेतला, हे ते विचारतात.